रिसॉर्टवरच्या स्कीइंगसाठी बेताच्या किमतीचं हेल्मेट कसं निवडायचं?

विचारलेलं थोडक्यात असं: घरातली तिघं पहिल्यांदाच आठवडाभर स्की रिसॉर्टवर जाणार आहेत. स्कीइंग सगळं आखून दिलेल्या, यंत्राने दाबून ठेवलेल्या उतारांवरच. स्की आणि बूट तिथे भाड्याने घ्यायचे, हेल्मेट मात्र स्वतःची हवीत आणि बजेट बेताचं आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग हेल्मेटच्या किमतीत पाच-सहा पटींचा फरक दिसतो, तो कशाचा? मिप्स नावाचा आतला सरकता थर लागतोच का? घरात सायकलचं हेल्मेट पडून आहे, ते चालेल का? आणि नऊ वर्षांच्या मुलीसाठी एक माप मोठं घेतलं तर चार वर्षं पुरेल का?

मी स्की शिकवतो, आणि मोसमातले बरेच दिवस भाड्याच्या सामानाच्या काउंटरवरही काढतो. तिथे गर्दीच्या दिवशी चाळीस-पन्नास डोकी हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते आधी. नाही. कपडे वाढत्या अंगाचे शिवता येतात, हेल्मेट वाढत्या डोक्याचं घेता येत नाही. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर गरकन फिरतं, मागे सरकून कपाळ उघडं पाडतं, आणि जिथे आपटायचं तिथे हेल्मेटच्या आतला, धक्का गिळणारा थर्माकोल नसतोच. शिवाय नऊव्या वर्षी डोक्याच्या घेराची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. मुलांच्या हेल्मेटला मागच्या बाजूला आवळायची चकती असते. आज ती चकती मधोमध असताना हेल्मेट घट्ट बसत असेल, तर पुढचे दोन मोसम ते सहज जाईल. आजच चकती पार शेवटपर्यंत आवळावी लागत असेल, तर ते हेल्मेट तिच्या थोरल्या भावाचं आहे असं समजा आणि परत ठेवा.

आता किमतीचं. तो फरक बहुतेक करून वजनाचा, आरामाचा आणि दिसण्याचा असतो. किमान सुरक्षेची रेघ सगळ्यांना एकच आहे आणि ती आखतात प्रमाणपत्रं. युरोपात ईएन १०७७ (EN 1077), अमेरिकेत एएसटीएम एफ २०४० (ASTM F2040). हेल्मेटच्या आत, अस्तराखाली, एक चिकटपट्टी असते. तिच्यावर यांपैकी एक तरी आकडा छापलेला असायलाच हवा. बऱ्याच हेल्मेटवर दोन्ही असतात. युरोपच्या चाचणीत धातूचं कृत्रिम डोकं हेल्मेटमध्ये बसवतात आणि दीड मीटर उंचीवरून ते सपाट पोलादी ऐरणीवर आपटतात. काही नमुने त्याआधी उणे २५ अंशांपर्यंत थंड करून घेतात, कारण प्लास्टिक गारठ्यात कडक आणि ठिसूळ होतं. आतल्या डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या वर गेला की हेल्मेट नापास. अमेरिकेच्या चाचणीत उंची साधारण दोन मीटर, मर्यादा ३०० पट, आणि सपाट ऐरणीशिवाय गोलसर आणि कडेच्या ऐरणीवरही आपटतात.

ही पास-नापासची परीक्षा आहे, गुणपत्रिका कोणी चिकटवत नाही. एखादं हेल्मेट काठावर पास झालेलं असतं, एखादं भरघोस, आणि दुकानातल्या फळीवर दोन्ही सारखीच दिसतात. किमतीवरून ते ओळखता येत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

ईएन १०७७ च्या पुढे ‘अ’ (A) किंवा ‘ब’ (B) वर्ग लिहिलेला असतो. ‘अ’ वर्गात कानांवरही कडक कवच येतं, आणि टोकदार वस्तू घुसण्याची चाचणी जास्त कडक असते: तीन किलोचा अणकुचीदार ठोकळा ‘अ’ वर्गासाठी ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, ‘ब’ साठी त्याच्या निम्म्या उंचीवरून. शर्यतीवाले बहुतेक करून ‘अ’ वर्ग वापरतात. दाबून सपाट केलेल्या उतारांवर फिरणाऱ्या माणसाला मऊ कानपट्ट्यांचं ‘ब’ वर्गाचं हेल्मेट पुरेसं आहे. त्यात ऐकूही नीट येतं. मागून ‘डावीकडून येतोय’ अशी हाक आली आणि ती कानात शिरलीच नाही, तर जाड कवच घेऊन काय करायचं?

कुठलंही हेल्मेट काय करू शकतं आणि काय नाही, हेही एकदा स्पष्ट बोलून घेऊ. दीड-दोन मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जमिनीशी ताशी २० ते २२ किलोमीटर असतो. उतारांवरच्या लोकांचा वेग मोजणाऱ्या २००५ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात सरासरी ताशी ४३ किलोमीटर निघाली. म्हणजे भरधाव जाऊन झाडावर सरळ डोकं आपटलं, तर ते प्रसंग हेल्मेटच्या हिशेबाबाहेरचे. पण रिसॉर्टवर डोकी आपटतात ती बहुतेक वेळा तशी नाही. स्कीची कड अडकते, माणूस आडवा होतो आणि डोकं बर्फावर बसतं. किंवा उभ्या माणसाला मागून कोणी तरी येऊन उडवतं. इथे डोकं खाली येण्याचा वेग आणि चाचणीतला वेग जवळजवळ असतात, आणि इथेच हेल्मेट आपलं मोल वसूल करतं. नॉर्वेतल्या आठ रिसॉर्टवर २००२ च्या हिवाळ्यात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

‘आम्ही तर नवशिक्यांच्या उतारावरच राहणार’ असं म्हणणाऱ्यांना मी नताशा रिचर्डसन या अभिनेत्रीची आठवण करून देतो. मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या माँ-ट्राँब्लाँ इथे शिकवणीचा धडा चालू असताना, नवशिक्यांच्याच उतारावर, त्या पडल्या. हेल्मेट नव्हतं. उठल्या, काही झालेलं नाही म्हणाल्या, मदतीला आलेल्यांना परत पाठवलं. कवटीच्या आत रक्तस्राव चालू होता. दोन दिवसांनी त्या गेल्या. दुसऱ्या टोकाला फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा विजेता मिखाएल शूमाकर. डिसेंबर २०१३ मध्ये मेरिबेलला, आखलेल्या उतारांच्या मधल्या खडकाळ भागात त्याचं डोकं खडकावर आपटलं. हेल्मेट होतं, तरी दुखापत भयंकर झाली, आणि हेल्मेट नसतं तर तो रुग्णालयापर्यंतही पोचला नसता असं त्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. दोन्ही घटना खऱ्याच आहेत आणि दोन्ही एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात.

मिप्सबद्दल सगळेच विचारतात. वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या सरळ आपटण्याच्या आहेत. प्रत्यक्षात माणूस पुढे जाता जाता पडतो, त्यामुळे डोकं बर्फावर तिरकं घासतं आणि मानेवर झटकन वळतं. ही गरगर मेंदूला फार सोसत नाही. मिप्स म्हणजे हेल्मेटच्या आत, थर्माकोल आणि डोकं यांच्यामध्ये बसवलेला एक पातळ, निसरडा थर. बऱ्याचदा तो पिवळा असतो. धडकेच्या वेळी तो १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि फिरण्याचा काही जोर स्वतःवर घेतो. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतले मेंदूशल्यचिकित्सक आणि तिथल्याच तंत्रविद्यापीठातले संशोधक यांच्या कामातून हे निघालं, आणि २००७ साली आधी घोडेस्वारीच्या हेल्मेटमध्ये आलं. कल्पना पटण्यासारखी आहे, आणि आता खालच्या पट्टीतल्या हेल्मेटमध्येही ती मिळते.

माझं मत असं. तुमच्या डोक्याला सारखीच नीट बसणारी दोन हेल्मेटं समोर आहेत, एकात मिप्स आहे, दुसऱ्यात नाही, आणि फरक खिशाला झेपणारा आहे, तर मिप्सचं घ्या. पण मिप्सचं हेल्मेट डोक्यावर डुगडुगतंय आणि बिनमिप्सचं चपखल बसतंय, तर दुसरं घ्या आणि मागे वळून बघू नका. ज्यांना खोलात शिरायचंय त्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या हेल्मेट प्रयोगशाळेने हेल्मेटांना दिलेले तारे, म्हणजे गुण, बघावेत. ते तिरक्या धडकेचाही हिशेब धरतात आणि बर्फावरच्या खेळांची हेल्मेटंही तपासतात. तुमच्या बजेटमधली जी तीन-चार हेल्मेटं डोक्याला बसली, तेवढीच त्या यादीत शोधा. यादीतलं पहिलं हेल्मेट डोक्याला बसत नसेल तर त्याचे तारे आकाशातच राहू देत.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते, म्हणजे बसणं. कमी पैशात चांगलं हेल्मेट मिळवायचं तर पैशाच्या जागी वेळ घालावा लागतो, आणि तो सगळा वेळ इथे घाला.

शिंप्याची मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरून फिरवा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. साधारणपणे ५१ ते ५५ म्हणजे लहान, ५५ ते ५९ मध्यम, ५९ ते ६३ मोठं, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून ज्या हेल्मेटचा विचार चाललाय त्याचाच तक्ता बघा. तुमचा आकडा दोन मापांच्या सीमेवर पडला तर आधी लहान माप घालून बघा. आतलं अस्तर वापराने दबतं, थर्माकोल दबत नाही. आज जे थोडं आवळ वाटतं ते चार दिवसांत अंगासरसं होतं, आज जे सैल आहे ते चार दिवसांत आणखी सैल.

घेराचा आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. दोन माणसांचा घेर ५७ असेल, तरी एकाचं डोकं वरून बघता नारळासारखं गोल आणि दुसऱ्याचं पपईसारखं लांबट असू शकतं. गेल्या मोसमात एक गृहस्थ आले होते. स्वतःचं नवंकोरं, भारीतलं हेल्मेट हातात, आणि तक्रार अशी की रोज सकाळी अकराच्या सुमाराला डोकं ठणकायला लागतं. थंडीने होत असेल असं त्यांना वाटत होतं. हेल्मेट घालायला सांगितलं. कपाळाच्या मधोमध बोट घालायलाही जागा नाही, आणि दोन्ही कानशिलांशी माझी बोटं आरामात आत जात होती. लांबट डोकं, गोल हेल्मेट. काढल्यावर कपाळावर लाल बिल्ला उमटलेला. काउंटरच्या खालच्या फळीवरचं, भाड्यानं देऊन देऊन ओरखडे पडलेलं एक लांबट घडणीचं हेल्मेट दिलं, त्यांच्या हेल्मेटच्या चौथाई किमतीचं. दुसऱ्या दिवशी ते दुपारी चारला, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद व्हायच्या वेळी परतले.

दुकानात काय करायचं ते क्रमाने सांगतो. हेल्मेट घाला, मागची चकती पूर्ण सैल ठेवा, पट्टा लावू नका. आता होकाराची आणि नकाराची मान हलवा, जरा जोरात. हेल्मेट जागेवर राहायला हवं, आणि आरशात बघितलंत तर हेल्मेटबरोबर भुवयांवरची कातडी हलताना दिसायला हवी. कातडी स्थिर आणि हेल्मेट हलतंय, तर ते मोठं आहे. चकतीने आवळून तुम्ही ते बसवाल, पण चकती ही शेवटची बारीक जुळणी आहे, चुकीच्या मापावरचं औषध नाही. विक्रेता पटकन चकती फिरवून ‘बघा, बसलं’ म्हणतो, तेव्हा हे आठवा.

मग पट्टा लावा. हनुवटीखाली एक बोट, फार तर दोन, जाईल एवढाच सैल. मोठी जांभई द्या: हेल्मेट माथ्यावर खाली ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. आता मागून, मानेकडच्या कडेला तळवे लावून हेल्मेट पुढे ढकला, आणि पुढून कपाळाकडून मागे. डोळ्यांवर आलं किंवा अर्धं डोकं उघडं पडलं, तर कितीही गोड किंमत असो, ठेवून द्या. पुढची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटं असावी. पुष्कळ जण हेल्मेट टोपीसारखं मागे सारून घालतात. फोटोत चेहरा छान दिसतो आणि कपाळ मोकळं राहतं.

हे सगळं उघड्या डोक्यावर करायचं. लोकरीच्या टोपीवर हेल्मेट घालणं हा नवशिक्यांचा लाडका प्रकार, आणि तो मी रोज सकाळी दोघा-तिघांच्या डोक्यावरून उतरवतो. जाड टोपी म्हणजे हेल्मेट आणि डोकं यांच्यामधली सरकती गादी. फार थंडी असेल तर घट्ट, पातळ कापडी टोपी किंवा बॅलाक्लाव्हा, म्हणजे पातळ माकडटोपीसारखा प्रकार, चालतो, पण मग तोच घालून माप बघा. लांब केस असतील तर वेणी मानेपाशी खाली बांधा. डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर अंबाडा घालून कुठलंही हेल्मेट बसत नाही.

स्कीचा, डोक्याभोवती पट्टा असलेला गॉगल आहे तो बरोबर न्या. नसेल तर दोन्ही एकदमच घ्या. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड एकमेकींना टेकायला हव्यात. मध्ये बोटभर फट राहिली तर चेअरलिफ्टवर, म्हणजे वर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीवर, बसल्या बसल्या तेवढ्याच पट्टीवर वारं लागतं आणि कपाळ फुटतंय असं वाटतं. उलट, हेल्मेट गॉगलला खाली दाबत असेल तर नाक चिमटतं आणि गॉगलच्या वरच्या झरोक्यांतली हवा कोंडून काचेवर धुकं धरतं. चष्मा असणाऱ्यांनी चष्मा, त्यावर गॉगल, त्यावर हेल्मेट असं तिन्ही चढवून पाच मिनिटं उभं राहावं. कानावरच्या चष्म्याच्या काड्या कानपट्ट्यांखाली दबतात, आणि ते दुकानात जाणवत नाही, पहिल्या उताराच्या मध्यावर जाणवतं.

आता काय सोडता येतं ते. बेताच्या बजेटमध्ये ही यादी जास्त कामाची.

वजन सोडता येतं, काही प्रमाणात. स्वस्त हेल्मेट बहुधा दोन तुकड्यांचं असतं: एबीएस प्लास्टिकचं कडक कवच वेगळं घडवून त्यात थर्माकोल चिकटवलेला. महाग हेल्मेटमध्ये पॉलिकार्बोनेटचं पातळ कवच आणि थर्माकोल एकाच साच्यात एकजीव केलेले असतात. ती साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत उतरतात, कडक कवचाची पाचशेच्या आसपास किंवा वर जातात. दिवसभरात शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक मानेला थोडा कळतो. पण कडक कवचाचा एक गुण दुकानदार सांगत नाहीत: ते धसमुसळेपणा सोसतं. बॅगेत कोंबलं, चेअरलिफ्टचा दांडा बसला, बूटखोलीत बाकावरून खाली पडलं, तरी ओरखड्यावर भागतं. पातळ कवचाला खळी पडते. आठवड्याच्या सहलीला, त्यातही लहान मुलीसाठी, मी डोळे झाकून कडक कवच घेईन.

उघडझाप करता येणारे झरोके सोडा. त्यात हलणारे भाग आले, किंमत आली, आणि आठवडाभरात ती पट्टी तुम्ही किती वेळा सरकवणार? कायम उघडे पाच-सहा झरोके असले की झालं. खूप गारठा असेल त्या दिवशी पातळ टोपी आत घाला. चुंबकाचं बकल सोडा. ते मस्त असतं, मलाही आवडतं, हातमोजे न काढता लागतं. पण साधं चिमट्याचं बकल तेवढंच सुरक्षित आहे. फक्त त्याखाली हनुवटीपाशी मऊ कापडी पट्टी आहे ना ते बघा, नाहीतर एकदा कातडी चिमटली की मुलगी पुन्हा पट्टा लावू देणार नाही. काचेचा पडदा जोडलेलं हेल्मेट, म्हणजे गॉगलच अंगचा, ते या बजेटमध्ये नकोच. पडद्यावर ओरखडा पडला की पडद्याचे पैसे वेगळे. कानात संगीत वाजवायचे खिसे तर मी स्वतः कोणाला सुचवणार नाही.

काढता येणारं अस्तर मात्र सोडू नका. तिघांची तीन हेल्मेटं आठवडाभर घामाने भिजणार. अस्तर निघत असेल तर रात्री हाताने धुऊन वाळवता येतं. आणि कानपट्ट्या निघत असतील तर उन्हाच्या दुपारी आराम मिळतो.

नावंच हवी असतील तर खालच्या पट्टीत जिरोचं लेज, स्मिथचं होल्ट, सॅलोमनचं पायोनियर या घराण्यातली हेल्मेटं बरीच वर्षं दिसतात, आणि डेकॅथलॉनच्या वेड्झ नावाखालची तर आणखी साधी. ही चार मुद्दाम सांगतोय कारण त्यांची घडण एकमेकांपेक्षा वेगळी आहे; चारही घालून बघितलीत तर आपल्या डोक्याचा आकार कुठला हे आपोआप कळतं. त्याच नावाखाली मिप्स असलेलं आणि नसलेलं अशी दोन रूपं निघतात, तेव्हा खोका नीट वाचा.

सायकलचं हेल्मेट घरीच राहू द्या. त्याची प्रमाणं वेगळी आहेत, मोठ्या झरोक्यांतून गार वारा आणि बर्फ आत येतो, कान उघडे, आणि त्यावर गॉगलचा पट्टा जागेवर थांबत नाही. उलटा विचार मात्र करता येतो. काही हेल्मेटांवर स्की आणि सायकल अशी दोन्ही प्रमाणपत्रं असतात, म्हणजे ईएन १०७७ बरोबर ईएन १०७८ सुद्धा. कानपट्ट्या काढल्या की वर्षातले उरलेले महिने ते सायकलवर चालतं. आठवडाभरासाठी पैसे घालायचं जिवावर येत असेल तर हा तोडगा सगळ्यात शहाणा. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर प्रत्यक्ष बघा. ‘बहुउपयोगी’ एवढ्या शब्दावर जाऊ नका.

पैसे वाचवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे गेल्या मोसमाचा रंग. हेल्मेटचं मॉडेल तेच राहतं, रंग दरवर्षी बदलतो, आणि मोसमाच्या शेवटी जुना रंग मोठ्या सवलतीत जातो. आत उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते बघून घ्या. कंपन्या साधारण तीन ते पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतात, त्यामुळे गोदामात चार वर्षं पडून असलेलं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

वापरलेलं हेल्मेट अजिबात घेऊ नका, ओळखीतलं असलं तरी. या थर्माकोलचं काम एकदाच चेपून जोर गिळण्याचं आहे. चेपला तो चेपला, पुन्हा फुगत नाही. आमच्याकडे परत आलेलं एक हेल्मेट बाहेरून चकचकीत होतं, नेणारा म्हणाला काहीच झालं नाही. अस्तर उचकटून अंगठा फिरवला तर उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा गुळगुळीत आणि कडक लागली, आणि तिथून केसाएवढी भेग मागे गेलेली. असं हेल्मेट कोणी पुसून, खोक्यात घालून विकलं तर तुम्हाला काय कळणार? याच कारणाने, तुमचं नवं हेल्मेटही एकदा जोरात आपटलं की निवृत्त करा. काही कंपन्या अपघातानंतर सवलतीत नवीन देतात, म्हणून पावती जपा.

भाड्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, जरी त्यात माझंच पोट असलं तरी. आयुष्यात एकदाच जाणार असाल तर भाड्याचं हेल्मेट हा वाईट पर्याय नाही. फक्त सकाळच्या गर्दीत रांगेतून हातात आलेलं पहिलं हेल्मेट घेऊन पळू नका; वरच्या सगळ्या तपासण्या तिथेही करा, आणि अस्तर उचलून अंगठा फिरवायला लाजू नका. दुसऱ्यांदा जायचा विचार असेल तर स्वतःचं घ्या. आणि जाणार त्या देशाचा नियमही बघून ठेवा. इटलीत आधी १४ वर्षांखालच्या, मग १८ वर्षांखालच्या मुलांना सक्ती होती, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ती सगळ्या वयांना लागू झाली आहे.

ऑनलाइन मागवणार असाल तर जिथे परत करता येतं तिथूनच मागवा, आणि जमलं तर दोन मापं मागवा. अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत मिळणारं नामांकित हेल्मेट आलं, की पहिल्यांदा आतली चिकटपट्टी बघा: प्रमाणाचा आकडा, माप, वजन, उत्पादनाची तारीख. यातलं काही नसेल तर खोका पुन्हा बंद करा. कवचावर स्टिकर चिकटवायचे किंवा रंग द्यायचा मुलीचा बेत असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत चालतं का ते आधी वाचा, काही गोंद आणि रंग प्लास्टिकला खातात.

घरी आल्यावर प्रत्येकाने आपापलं हेल्मेट, पट्टा लावून, गॉगल चढवून, वीस-पंचवीस मिनिटं घालून बसा. टीव्ही बघा, भांडी घासा, काहीही करा. मग काढून लगेच आरशात कपाळ बघा. कपाळभर सारखी फिकट गुलाबी पट्टी उमटली असेल तर बसलं. एकाच जागी लाल गोळा उठला असेल, किंवा कानशिलात ठणका लागला असेल, तर घडण चुकलीय आणि माप बदलून ती सुधारणार नाही. दुसरं मॉडेल बघा. हे होईपर्यंत किमतीचं लेबल कापू नका.